जुन्या घराची बाहेर निघालेली खिडकी काढून तिथं काचेचं दोन पल्ल्यांचं दार बसवायचं आहे, जमेल का?

सांदवाडी | ९ मार्च, रात्री ९:५०

राम राम मंडळी. आमचं घर आर्वीपासून बारा-तेरा किलोमीटरवर गावात आहे, आजोबांनी १९३८ मध्ये बांधलेलं. दीड फुटी भिंती, विटा भाजलेल्या पण जोडाई मातीची, वर सागाच्या फाट्यांवर कवेलू. मागच्या खोलीला पश्चिमेकडे एक खिडकी आहे ती भिंतीच्या बाहेर अडीच फूट निघालेली आहे, तिन्ही बाजूंनी झडपा, आतून बसायला ओटा आणि ओट्यावर सागाची जाड फळी. शहरात याला बे विंडो म्हणतात, आमच्या घरी 'बंगली'. घरासोबतची नाही ती, आजोबांनी कुठंतरी साहेबाच्या बंगल्यात पाहिली आणि १९५५-५६ च्या सुमारास मागून काढून घेतली.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. मागच्या दिवाळीत पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकरवर चालतात. समोरच्या ढेलजेला पाच उंच पायऱ्या आहेत त्या त्यांना उतरवत नाहीत, त्यामुळं चार महिने झाले माणूस घराबाहेर पडला नाही. दिवसभर बंगलीत बसून मागची सांदवाडी पाहत राहतात, तिथं विहीर आहे, निंब आहे, त्यांनीच लावलेली दोन संत्र्याची झाडं आहेत आणि सगळं दहा पावलांवर. परवा सहज बोलून गेले, इथूनच दार असतं तर बरं झालं असतं रे. तेव्हापासून मला दुसरं काही सुचून नाही राहिलं.

भाच्यानं फोटो दाखवले, फ्रेंच डोअर म्हणतात, दोन पल्ले, पूर्ण काच, मधातून उघडतात. आतून गाळा पाच फूट रुंद आहे, जमिनीपासून वरच्या लाकडाच्या बुडापर्यंत सात फूट. गावातला मिस्त्री म्हणते एका दिवसात पाडून देतो. मृग लागायच्या आत काम व्हायला पाहिजे. लाकूड घ्यावं की अल्युमिनियम की यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक? आणि एक अडचण, उन्हाळ्यात कूलर त्याच खिडकीत बसते.

कवेलू | ९ मार्च, रात्री १०:३५

भाऊ बाबांसाठी करून राहिले तर नक्की करा, मागं हटू नका. पण पश्चिमेला पाच बाय सात फूट काच म्हणजे मे महिन्यात दुपारी तीननंतर त्या खोलीत बसवणार नाही. आपल्याकडं पारा ४५-४६ ला जाते, काच टफन म्हणजे कडक केलेली घ्या की साधी घ्या, ऊन तर आत येणारच. आधी सावलीचं पहा मग काचेचं.

गुरुत्वमध्य | ९ मार्च, रात्री ११:१०

मी स्थापत्य अभियंता आहे, मूळचा यवतमाळचा. दादा, मिस्त्रीला आधी थांबवा. एका दिवसात पाडणं सोपं आहे, वरचं कशावर उभं राहील ते ठरल्याशिवाय एक वीटही काढू नका.

तुमच्या या खिडकीत दोन रेषा आहेत हे लक्षात घ्या. एक आतली, घराच्या मूळ भिंतीची, जिथं गाळ्यावर लाकूड आहे म्हणता. दुसरी बाहेरची, बंगलीच्या तोंडाची. बाहेरच्या रेषेवर फक्त बंगलीचं छोटं छप्पर आहे, आतल्या रेषेवर भिंत आणि घराचं कवेलू. बंगली ठेवून फक्त तिच्या तोंडाची खालची भिंत काढून दार लावलं तर काम हलकं आहे. पूर्ण बंगली पाडून मूळ भिंतीत दार लावायचं असेल तर आतलं लाकूड कसं आहे त्यावर सगळं अवलंबून. कोणत्याही परिस्थितीत गाळा पाच फुटांपेक्षा रुंद करू नका, रुंदी वाढली की लाकूड बदलावंच लागतं आणि त्याच्या टेकण्याची जागा कापली जाते.

दोन गोष्टी बघून सांगा. वर लाकडं किती आणि दोन्ही बाजूंना भिंतीत किती आत गेली आहेत. दुसरं, बंगली आणि घराच्या सांध्यात भेग आहे का.

सांदवाडी | १० मार्च, सकाळी ८:०५

सकाळी स्टूल लावून पाहिलं. सागाचे तीन पाट आहेत, शेजारी शेजारी, दीड फुटी भिंतीच्या जाडीत तिन्ही मावले आहेत. टेकण साधारण एक एक फूट असेल. भेग आहे, दोन्ही सांध्यांना, वरून खालपर्यंत. ती लहानपणापासून पाहतो. उन्हाळ्यात त्यात करंगळी जाते, पोळ्यापर्यंत जवळ जवळ मिटते. आई दर दिवाळीला लिंपायची. आम्हाला वाटायचं जुनं घर आहे, चालायचंच.

निंबोणी | १० मार्च, दुपारी १:२०

उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते म्हणजे काळी माती आहे खाली, दुसरं काही नाही. माझं सासर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं, तिकडं घराघरात ही भेग आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, शेतात एप्रिलमध्ये हातभर खोल भेगा पडतात तेच घराखाली होते. पायवा खोल असला तर खालची माती तेवढी हलत नाही, उथळ असला तर भिंत मातीसोबत वर खाली होते.

जुनी माणसं गाव नेहमी पांढरीवर बसवत, काळीत शेती आणि पांढरीत घर, त्यामागे हेच होतं. तुमचं मूळ घर पांढरीवर असेल आणि बंगली मागून काढली तेव्हा तिचा पायवा हातभरच घेतला असेल, सांदवाडी बहुतेक काळीवर. म्हणून घर जागचं हललं नाही आणि बंगली सत्तर वर्षं दरसाल वर खाली होत राहिली. अशा हलत्या भिंतीत काचेचं दार लावलं तर ते दोन वर्षांत बिघडेल, चौकट तिरपी होऊन पल्ले घासतील. माझ्या नणंदेकडं मागचं दार श्रावणात खांदा लावून उघडावं लागते.

गुरुत्वमध्य | १० मार्च, रात्री ९:४५

निंबोणीताईंनी नेमकं पकडलं, आणि त्यानं माझा कालचा सल्ला बदलतो. बंगली ठेवण्यात अर्थ नाही. ती पाडा आणि दार मूळ भिंतीत घ्या, ती भिंत ८५ वर्षं स्थिर आहे.

आता पाट तपासा. टोकदार स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्रत्येक पाटाला वीतभर अंतरावर टोचून पाहा, विशेषतः भिंतीत शिरतो त्या टोकांना, कारण ओल आणि उदई (वाळवी) तिथूनच सुरू होते. चांगल्या सागात टोक जेमतेम रुतते. भसकन आत गेलं तर आतून पोखरलं आहे. हातोडीनं ठोकूनही ऐका, चांगलं लाकूड टणक वाजते, खाल्लेलं बद बद वाजते. आणि हे तिन्ही पाटांना करा, कडेचे दोन दिसतात म्हणून सगळे तेवढेच पाहतात, मधला भिंतीच्या पोटात असतो.

वजनाची कल्पना यावी म्हणून सांगतो, गाळ्यावर तीन फूट भिंत धरली तर पाच बाय तीन बाय दीड म्हणजे साडेबावीस घनफूट, वीटकामाच्या हिशेबानं सव्वा टनाच्या आसपास जाते, कवेलूचं वजन वेगळं. जोडाई मातीची असल्यामुळं एकदा विटा सुटायला लागल्या की सुटतच जातात.

पाट खराब निघाले तर घाबरू नका. भिंत दीड फुटी आहे याचा फायदा घेता येतो, लिंटेल, म्हणजे गाळ्यावरचा हा आडवा आधार, अर्धं अर्धं बदलायचं. आधी खोलीतून आणि बाहेरून फाट्यांना टेकू द्या, गाळ्यातही आधार उभा करा. मग बाहेरच्या अर्ध्या जाडीतलं लाकूड काढून तिथं लोखंडी चॅनेल बसवा, दोन्हीकडं कमीत कमी फूटभर टेकण, टेकणाखाली सिमेंट काँक्रीटचा ठोकळा, कारण मातीच्या जोडाईवर लोखंड थेट टेकवलं तर खालच्या विटा दबतात. वर राहिलेली फट कोरड्या मालानं ठासून भरा. ते पक्कं झालं की आतल्या अर्ध्याचं तसंच. असं केलं की भिंत एकही क्षण पूर्ण उघडी पडत नाही. चॅनेलचा साईज मात्र जागेवर येऊन पाहणाऱ्या इंजिनिअरकडून घ्या, मी फोटो पाहून सांगणार नाही.

खिडकीपाशी | ११ मार्च, सकाळी ११:००

माझं मत वेगळं आहे आणि मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडं हिंगणघाटजवळच्या घरी अशीच ओट्याची खिडकी होती. आजी तिथं बसून सरकी काढायची, आम्ही सगळी नातवंडं तिथं अभ्यास केला, माझं लग्न ठरल्याचं आईनं मला तिथंच सांगितलं. २०११ मध्ये भावानं रिनोव्हेशनमध्ये ती काढली. खोली मोठी झाली, टाइल लागल्या, आणि आता त्या घरात बसावं अशी एक जागा नाही. दार दुसऱ्या भिंतीत काढता येणार नाही का? बाबांनाही ती जागा आवडतच असेल ना, चार महिने तिथंच बसले आहेत ते.

सांदवाडी | ११ मार्च, रात्री १०:१५

ताई, तुमचं वाचून मी बाबांनाच विचारलं, आधी विचारायला पाहिजे होतं. ते म्हणाले, मी इथं बसतो कारण इथून बाहेर दिसते, बाहेर जाता आलं तर कोण बसते इथं. आणि मग म्हणाले, फळी मात्र फेकू नको, बाबूजींनी ती आलापल्लीच्या सागाची आणली होती. बाबूजी म्हणजे माझे आजोबा.

बाकी भिंती तपासल्या. दक्षिणेला चुलत भावाचं घर लागून आहे, उत्तरेची भिंत मोकळी आहे पण तिकडं उतरलो की सांदवाडीला वळसा घालून जावं लागते आणि नाली मधात येते. म्हणून पश्चिमेलाच.

वाढईकाका | १२ मार्च, दुपारी ४:३०

चाळीस वर्स झाले रंधा मारून राहिलो, म्हून दोन गोष्टी सांगतो. ते फळी अन् निघालेले पाट, त्यातलं जे चांगलं हाय ते तोडून दाराले लावा. जुनं सीपी टीक, म्हंजे जुन्या मध्य प्रांतातलं सागवान हाय ते, आता तसं बाजारात भेटत नाई. बल्लारशाच्या डेपोतलं आपल्याइकडचं सागवान २०२३ मंधी अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं, मंग आपल्या घरात पडेल हाय ते कायले भंगारात द्याचं. नवीन लाकूड घेतलं त टीपी, म्हंजे वनखात्याचा वाहतूक परवाना, पाह्यजा, अन् वावरातला साग परवानगीबिगर तोडू नका, सवताचा असला तरी.

दुसरी गोष्ट, जे कोणी सांगत नाई. मे मंधी लाकूड सुकून कडकडीत रायते. त्या टायमाले वाढईनं पल्ला चौकटीत टाईट बसवला त तुमी खुश होसान, पण श्रावणात तो फुगते अन् अडकते. मंग रंधा मारता, मंग दिवाळीले फट पडते. म्हून मे मंधी बसवाचं असन त चौकट अन् पल्ल्यात सगळीकून बारीक फट ठेवा, एका बाजूनं जुन्या एक रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी, अन् जिथी दोन पल्ले मिळते तिथी खाचा घ्या, एकावर एक बसाले पाह्यजे. जुनं लाकूड कमी फुगते हा बी फायदा हाय.

अन् पुरी काच नका लावू. खालचा दोन-अडीच फूट लाकडाचा दिला, म्हंजे फळीचा भागच राहू द्या. वॉकर लागते, कुत्रं पंजे मारते, पान्याचे शितोडे उडते.

कवेलू | १२ मार्च, संध्याकाळी ६:१०

काकांच्या बोलण्यावरून आठवलं, वर्ध्याकडच्या जुन्या बंगल्यांत दाराला दोन जोड्या असायच्या. आतून काचेचे पल्ले, बाहेरून झिलमिलीचे, म्हणजे तिरप्या पट्ट्या. उन्हाळ्यात काच उघडी आणि झिलमिली बंद, वारा येते, ऊन येत नाही. थंडीत उलट. इंग्रजांना आपला उन्हाळा सोसवत नव्हता म्हणून त्यांनी हे केलं असेल पण ते इथल्या हवेला बरोबर लागू पडते. अल्युमिनियमवाल्याकडं हे मिळणार नाही, वाढईच करून देईल.

निंबोणी | १२ मार्च, रात्री ८:००

आणि कूलर त्या दाराच्या जवळपासही ठेवू नका. कूलर आत जेवढी हवा ढकलते तेवढी बाहेर जायला जागा लागते, नाहीतर खोली दमट होते आणि अंग चिकचिक करते. उत्तरेच्या भिंतीला खिडकी असेल तर कूलर तिथं घ्या, तिकडं उन्हाची झळ कमी, आणि झिलमिलीतून हवा बाहेर निघू द्या. कूलरचं पाणी मात्र भिंतीच्या बुडाशी सांडू देऊ नका, काळ्या मातीला एका कोपऱ्यात पाणी मिळालं की तोच कोपरा उचलला जातो. नळी लावून दूर झाडाला सोडा.

ओसरी | १३ मार्च, सकाळी ७:४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अमरावतीला असते. सगळे दाराचं बोलताय, उतरणीचं कोणी विचारलं नाही. जोतं किती उंच आहे? जुन्या घरांना दोन-अडीच फूट असतेच. दार उघडलं आणि समोर तीन पायऱ्या असल्या तर तुमचे बाबा पुन्हा तिथंच अडकतील.

वॉकरसाठी उतार एकाला बारा धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. अडीच फुटाला तीस फूट झाले. एका सरळ रेषेत जागा नसेल तर पंधरा फूट जाऊन सपाट जागा, वळण आणि परत पंधरा फूट. रुंदी निदान तीन फूट, एका कडेला कठडा, आणि वरून खरखरीत, कोबा घोटून गुळगुळीत करू देऊ नका. मिस्त्रीला गुळगुळीत काम केलं की छान वाटते पण पावसात तिथंच माणूस घसरतो.

उंबरठा ठेवायचा नाही. अर्ध्या इंचापेक्षा उंच काहीही वॉकरच्या पायाला अडते.

कवेलू | १३ मार्च, सकाळी ९:१५

उंबरठा नसला तर पाणी आत येईल ना ताई, आणि विंचू, साप? सांदवाडी आहे, पावसात निघतातच.

ओसरी | १३ मार्च, सकाळी ९:५०

तुमची काळजी बरोबर आहे. म्हणून दाराबाहेर घराच्या जमिनीच्या पातळीला छपरी घ्यायची, आठ फूट रुंद, तिची जमीन घरापेक्षा एक इंच खाली आणि बाहेरच्या बाजूला उतरती. त्या एका इंचाला दारात तिरपा घोट द्यायचा म्हणजे वॉकर अडत नाही. पल्ल्याच्या बुडाला रबरी पट्टी लावली की जमिनीला टेकते, किडा शिरत नाही. छपरी असली तर पाऊस दारापर्यंत पोचायलाच कठीण आणि दुपारचं ऊनही बाहेरच थांबते. बाबांना रोज खाली उतरवलं नाही तरी छपरीत येऊन बसता येईल.

गुरुत्वमध्य | १३ मार्च, रात्री १०:२०

छपरीला माझं पूर्ण समर्थन, फक्त तिचे खांब घराला बांधून टाकू नका. तिचा पायवा काळीवर येणार, म्हणजे ती थोडी हलणार. पायव्यात काळी माती काढून खाली मुरूम भरा, आणि घर व छपरी यांच्यात मोकळा सांधा राहू द्या, वरून फक्त पत्र्याची पट्टी. बंगलीची चूक पुन्हा नको. आणि हो, नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, घर कोणाकोणाच्या नावे आहे ते पाहून घ्या, ड्रोन मोजणी झाली असेल तर प्रॉपर्टी कार्डच्या हद्दीत उतार बसतो का हेही. चुलत भाऊ शेजारी आहेत म्हणालात, त्यांना आधीच सांगून ठेवलेलं चांगलं.

सांदवाडी | १९ मे, रात्री ११:३०

मंडळी उशीर झाला लिहायला, लग्नसराईत मजूर भेटत नव्हते. काम तीन आठवड्यांपूर्वी सुरू केलं. वर्ध्याहून एक इंजिनिअर येऊन पाहून गेले.

कडेचे दोन्ही पाट ठणठणीत निघाले, स्क्रू ड्रायव्हर रुतेना. आणि मधला, गुरुत्वमध्य भाऊ तुम्ही म्हणाला होता तसाच, दक्षिणेकडच्या टोकाला सव्वा फूट आतून पूर्ण खाल्लेला, वरून पापडासारखं कवच तेवढं राहिलं होतं. मिस्त्रीनं त्या दिवशी एका दिवसात पाडलं असतं तर काय झालं असतं या विचारानं मला रात्रभर झोप नाही आली. अर्धं अर्धं करूनच बदललं, दोन चॅनेल, टेकणाखाली ठोकळे. बाहेरचं चॅनेल बसवून चार दिवस थांबलो, मग आतलं. मिस्त्रीलाही हे पटलं, तो म्हणे असं काम पहिल्यांदा केलं पण आता असंच करीन. कोपऱ्यातल्या विटांना बोळ दिसले तिथं उदईचं औषध मारून घेतलं.

बंगलीचा पायवा खणला तर निंबोणीताई, खरंच एक हात. खाली काळी माती आणि वर दगडगोट्यांची भर.

एका गोष्टीत फसलो. टफन काच सांगून एका दुकानदारानं साधी दिली. आणली तेव्हा कळलं नाही. भाचा आला होता, त्यानं कोपऱ्यात कंपनीचा शिक्का शोधला, नव्हताच. मग त्याचा उन्हाचा चष्मा लावून पाहिलं, तो म्हणे टफन काचेत पोलराइज्ड चष्म्यातून डाग डाग दिसतात, आमच्या काचेत काहीच दिसलं नाही. परत नेली, दुकानदार म्हणाला काय फरक पडते. फरक हा पडते की साधी काच फुटली की तिचे सुरे होतात आणि माझे बाबा वॉकरवर त्याच्यासमोरून जाणार आहेत. टफन फुटली तर बारीक बोथट दाणे होतात. दुसरीकडून आणली, शिक्का पाहून, ६ मिमी. कोणी करणार असाल तर चौकट आणि पल्ले बसल्यावरच माप द्या, टफन काच नंतर कापता येत नाही, एक सूत चुकलं तरी पूर्ण काच वाया.

वाढईकाका | २० मे, सकाळी ६:५०

अन् फळीचं काय केलं?

सांदवाडी | २० मे, दुपारी २:१५

काका फळी जशीच्या तशी आहे, छपरीतल्या बाकाला लावली. पल्ल्यांचं लाकूड जुन्या चांगल्या पाटांतून निघालं, झिलमिलीसाठी थोडं विकत घेतलं. बंगलीच्या झडपाही ठेवल्या आहेत. खिडकीपाशी ताई, तुमच्या मनात आलं असेल म्हणून सांगतो, ओटा पाडताना मलाही जड गेलं. आतून माझ्या लहानपणीची एक कवडी आणि चार चिंचोके निघाले. ते आईला दिले, तिनं देव्हाऱ्यात ठेवले.

खिडकीपाशी | २० मे, संध्याकाळी ५:००

वाचून डोळ्यांत पाणी आलं दादा. चांगलं केलंत. बाक पश्चिमेला तोंड करून ठेवा.

सांदवाडी | १४ जुलै, रात्री ९:००

पावसाचा हिशोब सांगतो कारण सगळ्यांनी जीव लावून सांगितलं होतं. पहिल्या वावधनात म्हणजे वादळी पावसात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाणी आत आलं. छपरीचा पत्रा बसला होता पण बाजू उघड्या होत्या, वारा आडवा आला आणि दोन पल्ल्यांच्या मधातून बुडाशी पाण्याची रेघ आली, वाटीभर असेल. वाढईकाकांनी मग पल्ल्याच्या बुडाला बाहेरून एक तिरपी पट्टी ठोकायला सांगितली, तिच्या खालच्या पोटात बारीक चर, म्हणजे थेंब तिथंच तुटून खाली पडते, आत वळत नाही. ती लावली आणि वाऱ्याच्या बाजूला बांबूचा तट्टा बांधला. त्यानंतर तीन जोरदार पाऊस झाले, थेंब नाही.

पल्ले बाहेर उघडणारे घेतले. वाऱ्यानं दाबले की चौकटीवर आणखी घट्ट बसतात. पण उघडे असताना वारा आला तर आपटून काच जाईल, म्हणून दोन्ही बाजूंना भिंतीत आकडे लावले, उघडलं की आधी आकडा. रात्री आतून वर-खाली टॉवर बोल्ट आणि मधात आडणा. चोराची भीती घरच्यांना होती, पण बाहेरून झिलमिलीची जोडी बंद केली की काच दिसतही नाही.

पत्रा तापते ही तक्रार खरी आहे. मे अखेरीस त्यावर तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा थर टाकला तेव्हा खाली बसणं सोसायला लागलं. कवेलू टाकणार होतो पण वानरांची टोळी आठवड्यातून दोनदा येते, मूळ घराचेच कवेलू दरसाल फेरावे लागतात. साडेचारपर्यंत ऊन दाराला लागत नाही, नंतर झिलमिली लावून घेतो. कूलर उत्तरेच्या खिडकीत गेला आणि खोली आधीपेक्षा गार राहिली, हे मला अपेक्षित नव्हतं.

आतून भिंतीला जिथं तोडफोड झाली तिथं सिमेंटचा गिलावा नाही केला. पांढरी माती, कुटार आणि शेण कुजवून लिंपलं, वरून चुना. मातीच्या जोडाईच्या भिंतीवर सिमेंट मारलं की आतली ओल अडकते आणि पोपडे येतात, हे इंजिनिअरांनी बजावून सांगितलं होतं.

खर्च दार, काच, चॅनेल, मजुरी मिळून ८५ हजारांच्या आत. छपरी आणि उतार वेगळा.

कवेलू | १४ जुलै, रात्री ९:२५

आणि बाबा? ते राहिलंच सांगायचं.

सांदवाडी | १४ जुलै, रात्री ९:५५

पहिले दोन दिवस छपरीतल्या बाकापर्यंतच आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर होतो, मागून वॉकरचा आवाज आला. एकटेच उतरले होते, कठडा धरून. संत्र्याच्या झाडाजवळ गेले, पानं उलटी करून पाहिली आणि मला म्हणाले, डिंक्या लागला आहे, तुला दिसला नाही का चार महिने. बुडाशी सालीतून डिंक गळत होता, मी खरंच पाहिला नव्हता. खोडाभोवती पाणी साचू देत होतो, त्यानंच होते म्हणे. त्यांनी बाकावर बसून सांगितलं आणि मी रोगट साल खरवडून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. आळं खोडापासून दूर घेतलं.

ओसरी | १४ जुलै, रात्री १०:३०

खूप छान वाटलं. फक्त एकटं उतरू देऊ नका अजून, आणि उतारावर शेवाळ येऊ देऊ नका. दर आठवड्याला खराट्यानं घासा, श्रावणात दोनदा.

गावची_वाट | २ ऑगस्ट, दुपारी १२:४०

आमच्याकडं सेम केस आहे, उमरेडजवळ, आईसाठी. पण गाळा चार फूटच आहे. दोन पल्ले दोन दोन फुटांचे झाले तर वॉकर एका पल्ल्यातून जाईल का?

सांदवाडी | २ ऑगस्ट, रात्री ८:५०

नाही जाणार. बाबांचा वॉकर पावणेदोन फूट आहे, आणि चौकट व पल्ल्याची जाडी वजा जाता दोन फुटांतले वीस-एकवीस इंचच उरतात. दोन्ही पल्ले दरवेळी उघडावे लागतील. तुम्ही एक पल्ला अडीच-पावणेतीन फुटांचा आणि दुसरा उरलेला असं असमान करा, रोज मोठाच उघडा. गाळा रुंद करायला जाऊ नका. आणि वरचं लाकूड मधल्या पाटासकट टोचून पाहा, भेगेचा फोटो इथं टाका, गुरुत्वमध्य भाऊ पाहतील.